ओपन सोर्स साधनांवर हात बसवायचा, तर प्रकल्प कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पायथन येतं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या पाच-सहा कमांड येतात, दोन-तीन ऑनलाइन कोर्स झालेत. व्हिडिओ बघत बघत टू-डू ॲप केलं, हवामान दाखवणारं ॲप केलं. पण कोरी फाइल उघडली की काही सुचत नाही. मग आता कोणते प्रकल्प करावेत, कोणती साधनं शिकावीत, मोठ्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पात शिरायचं कसं, आणि पायथन सोडून गो किंवा रस्ट या भाषांकडे वळावं का?

प्रकल्पांची यादी देत नाही. तशा याद्या पायलीला पन्नास सापडतात, आणि 'शंभर भन्नाट कल्पना' वाचून कोणाचं घोडं पुढे सरकल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. माझ्या मते प्रकल्प कोणता घेतला याला फारसं महत्त्व नाही, तो कुठवर नेला याला आहे. एकच छोटा प्रोग्राम घ्या आणि तो इतका पुढे न्या की ज्याला तुम्ही ओळखतही नाही असा माणूस, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता, तो आपल्या मशीनवर चालवू शकेल. आणि वर्षभर वापरूनही त्यातला डेटा शाबूत असेल. कोर्स 'चाललं एकदाचं' इथे संपतात. आम्हाला पगार मिळतो तो बहुतांशी त्यानंतरच्या कामाचा.

निवडताना कसोटी एकच लावा: डेटा खरा, तुमचा स्वतःचा आणि वाढत जाणारा हवा. शिकवण्यासाठी बनवलेला डेटा फार सोज्वळ असतो. त्यात रिकामा रकाना नसतो, तारखा एकाच पद्धतीने लिहिलेल्या असतात, नावामागे चुकून राहिलेली स्पेस नसते. खऱ्या डेटात हे सगळं असतं आणि ते निस्तरतानाच माणूस शिकतो. वर्षानुवर्षं साठलेली टिपणं, फोटोंच्या फोल्डरांतला गोंधळ, बँकेतून उतरवून घेतलेल्या सीएसव्ही फाइली, वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी, काहीही चालेल.

उदाहरणादाखल टिपणांचं घेऊ. एका फोल्डरमध्ये हजारेक टेक्स्ट फाइली आहेत, बऱ्याचशा मराठीत, आणि त्यांत शोधता यावं असा टर्मिनलवर चालणारा प्रोग्राम करायचा आहे. साधनं म्हणाल तर पायथन आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, बस. एसक्यूलाइट पायथनसोबतच येतं, वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते बाहेर आणलं आणि आज फोन, ब्राउझर, सगळीकडे ते आत कुठेतरी बसलेलं असतं. 'खऱ्या प्रकल्पाला पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस) हवंच' असं कोणी सांगितलं तर मान डोलावा आणि एसक्यूलाइट वापरा. पोस्टग्रेस उत्तमच आहे, पण एकट्याच्या प्रोग्रामला त्याची गरज पडेपर्यंत तुम्ही त्याच्या सेटिंगमध्ये दोन आठवडे घालवलेले असतील.

पहिली आवृत्ती एका संध्याकाळी होते: फाइली वाचायच्या, टेबलात भरायच्या, शोधशब्द घ्यायचा, जुळणाऱ्या ओळी दाखवायच्या. इथे बहुतेक जण रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचं गिटमधलं फोल्डर, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकून पुढच्या प्रकल्पाकडे जातात. तुम्ही थांबा, कारण गंमत आता सुरू होते.

पहिली अडचण भरण्याच्या वेगाची. हजार फाइलींच्या मिळून पन्नास हजार ओळी होतात, आणि प्रत्येक ओळ टाकल्यावर कमिट केलं तर प्रोग्राम रेंगाळतो. डेटाबेसमधलं कमिट (गिटचं वेगळं) म्हणजे 'हा डेटा खरोखर डिस्कवर पोहोचला' याची खात्री करून घेणं. दर खेपेला डिस्कसाठी थांबावं लागतं. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या दस्तऐवजातच म्हटलंय की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला पन्नास हजारांहून जास्त ओळी टाकता येतात, पण ट्रान्झॅक्शन (एका कमिटपर्यंतचा बदलांचा गठ्ठा) मात्र जुन्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला काही डझनच होतात. सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळा आणि फरक बघा. डेटाबेसच्या पुस्तकात ट्रान्झॅक्शनवर एक अख्खं प्रकरण असतं, ते आता वाचा. आता ते डोक्यात उतरेल. याला जोडूनच एक खाचखळगा: पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल इन्सर्टच्या (ओळ टाकण्याच्या) आधी ट्रान्झॅक्शन आपोआप उघडतं, पण कमिट आपोआप करत नाही. प्रोग्राम बिनतक्रार संपतो आणि टेबल रिकामं. नवख्यांचे किती तास यात गेले असतील, देव जाणे.

दुसरी अडचण जास्त रसाळ आहे. लाइक हा मजकूर जुळवून पाहणारा डेटाबेसचा साधा आदेश वापरून शोध चालतो, पण सगळा मजकूर प्रत्येक वेळी चाळावा लागतो. म्हणून तुम्ही एसक्यूलाइटचं एफटीएस५ हे पूर्ण-मजकूर शोधाचं एक्स्टेन्शन वापरायला घेता. इंग्रजी टिपणांवर ते झकास चालतं. मग 'दार' शोधता आणि निकालात 'दूर' आणि 'दोर' असलेली टिपणं येऊन बसतात.

हे का होतं ते नीट बघण्यासारखं आहे. शोधासाठी मजकुराचे शब्द पाडावे लागतात, ते काम टोकनायझर करतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, प्रत्येक चिन्हाला एक गट दिलेला असतो: हे अक्षर, हा अंक, हे विरामचिन्ह, हे दुसऱ्या चिन्हाला चिकटणारं चिन्ह. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर अक्षरं, अंक आणि खाजगी वापराची चिन्हं एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. बाकी सगळं म्हणजे शब्द तोडणारी जागा. आणि आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलंत हे सगळे 'चिकटणारी चिन्हं' या गटात येतात. त्यामुळे 'दार' तुटून 'द' आणि 'र' असे दोन शब्द होतात, 'दूर'चेही तेच, 'दोर'चेही तेच. शोधताना तुमचा शब्दही तसाच तुटतो, आणि मग तिन्ही एकच. कुठेही एरर नाही, प्रोग्राम कोसळत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं. सर्वांत वाईट बग असाच असतो.

उपाय एका ओळीचा आहे. टोकनायझरला 'कॅटेगरीज' नावाचा पर्याय देता येतो, त्यात मूळच्या गटांबरोबर एमएन आणि एमसी हे चिकटणाऱ्या चिन्हांचे दोन गट घातले की मराठी शब्द अखंड राहतात. पण ही ओळ शोधून काढायला टोकनायझर म्हणजे काय, युनिकोडचे गट म्हणजे काय, दस्तऐवजातलं नेमकं कोणतं पान वाचायचं, हे सगळं करावं लागतं. ही खरी शिकवणी.

एवढ्यावर भागत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द टाइप करायच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, युनिकोडमधला क्रमांक ०९३१. दुसरीत साधा 'र', हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पायथनला लांबी विचारली तर एकाची ७ येते, दुसऱ्याची ८. एकाने शोधलं तर दुसऱ्याचं टिपण सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या रीती एकसारख्या करणं) लावून प्रश्न सुटेल असं वाटतं. सुटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (ते लावा मात्र जरूर. 'ऱ' हा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असाही लिहिता येतो आणि तो फरक नॉर्मलायझेशनने जातो.) जोडचिन्हाची बदलाबदल स्वतःच्या फंक्शनमध्ये करावी लागते, आणि ती दोन्हीकडे करावी लागते: टिपण साठवताना आणि शोधशब्द घेताना. मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा वेगळा ठेवा. शोधासाठी केलेला बदल वाचणाऱ्याच्या मजकुरात कधीही घुसू द्यायचा नाही.

यानंतर 'दार' शोधल्यावर 'दारात', 'दाराला' सापडावं असं वाटेल. ते शोधशब्दापुढे चांदणी लावून जमतं. 'घोडा' शोधल्यावर 'घोड्याला' मात्र तसं सापडणार नाही. तिथून पुढे भाषाविज्ञान लागतं, तूर्त तो मोह टाळा.

आता टेस्टकडे, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या कोडकडे. टेस्ट का लिहाव्यात यावर कोर्समध्ये प्रवचन असतं आणि उदाहरण म्हणून दोन आकड्यांची बेरीज तपासलेली असते. त्यामुळे टेस्ट म्हणजे उगाचची वेठबिगार असा समज होतो. इथे बघा: 'दार' शोधल्यावर 'दूर' येता कामा नये, ही एक टेस्ट. दोन्ही प्रकारे लिहिलेलं 'दुसऱ्या' सापडलं पाहिजे, ही दुसरी. फाइल रिकामी असेल तर प्रोग्राम कोसळता कामा नये, ही तिसरी. यांतली प्रत्येक टेस्ट तुम्हाला खरोखर छळलेल्या गोष्टीतून आली आहे. पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं साधन वापरा, डेटाबेस मेमरीत उघडा म्हणजे टेस्टनंतर कचरा उरत नाही. बग सापडला की दुरुस्तीआधी तो पकडणारी टेस्ट लिहायची, ती लाल (नापास) झालेली डोळ्यांनी पाहायची आणि मगच कोडला हात लावायचा. लाल न पाहिलेली टेस्ट मी तरी टेस्ट मानत नाही, कारण ती काहीच तपासत नसेल तरी हिरवीच दिसेल.

गिटबद्दल लोक ब्रँचिंगच्या (कोडच्या समांतर शाखा ठेवण्याच्या) पद्धतींवर तासन् तास वाद घालतात. एकट्याच्या प्रकल्पात त्याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो कमिट (इथे गिटमधली बदलाची एक नोंद) लहान ठेवण्याने आणि संदेशात 'का' लिहिण्याने. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात) दिसतंच. 'टोकनायझर बदलला' यापेक्षा 'मात्रांवर शब्द तुटत होते म्हणून चिन्हांचे गट जोडले' हे सहा महिन्यांनी तुमच्याच उपयोगी पडेल. लहान कमिटचा दुसरा फायदा बायसेक्ट या गिटच्या कमांडसाठी. मागच्या महिन्यात चालत होतं, आज चालत नाही, मध्ये हजार कमिट झालेत. गिटला चांगला आणि वाईट असे दोन टोकांचे कमिट सांगितले की ते मधला काढून देतं, तुम्ही तपासून बरा-वाईट सांगायचं, आणि दहाएक पायऱ्यांत गुन्हेगार कमिट हाती लागतो. तपासणी करणारी स्क्रिप्ट दिलीत तर तेही गिट स्वतःच करतं. २००५ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्सने गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसारख्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासारख्या) अजस्र कामासाठी, आणि अशा ठिकाणी हे हत्यार किती लागत असेल याचा अंदाज तुमच्या छोट्या प्रकल्पातही येतो. याच पठडीतलं आणखी एक: गिटच्या लॉग कमांडला मोठा एस हा पर्याय देऊन एखादा शब्द दिला, की तो शब्द ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढेच दिसतात. परकं कोड वाचताना मी याच्याशिवाय पाऊल टाकत नाही.

मग येते परक्या मशीनची परीक्षा. 'माझ्याकडे चालतं' हे वाक्य या धंद्यात विनोद म्हणून सांगितलं जातं, पण त्याची कारणं फार ठरावीक असतात: कधीतरी हाताने टाकलेलं पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेलं तयार कोड), होम फोल्डरमध्ये ठेवलेली सेटिंगची फाइल, पायथनची आवृत्ती. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती पॅकेजं ठेवायची वेगळी जागा) वापराच, पायथन ३.३ पासून ते सोबतच येतं. पण त्याहून कडक परीक्षा हवी असेल तर डॉकर किंवा पॉडमनने एक रिकामा कंटेनर, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळं कोरं वातावरण, उघडा आणि तुमच्या रीडमीमध्ये (सूचनांच्या फाइलमध्ये) लिहिलेल्या कमांड, फक्त तेवढ्याच, वरून खाली चिकटवत जा. पहिल्या खेपेला सहसा तिसऱ्या-चौथ्या कमांडला अडतं. जिथे अडलं तिथे रीडमी दुरुस्त करा, कंटेनर फेकून द्या, नवा उघडा. कंटेनर शिकायचे तर याहून चांगलं निमित्त नाही. ढीगभर कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसला मात्र एवढ्यात हात लावू नका. तुमच्याकडे त्याचा आजार नाही तर औषध कशाला.

रोज पहाटे टिपणं आपोआप भरली जावीत म्हणून तुम्ही ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ओळ टाकाल आणि ती चालणार नाही. हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून नाही. कारण क्रॉन तुमच्या टर्मिनलचं वातावरण घेऊन येत नाही, त्याचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तुटपुंजा असतो आणि चालू फोल्डरही तुम्ही समजता तो नसतो. फाइलींचे सगळे पाथ (पत्ते) पूर्ण लिहा, आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलमध्ये वळवा. आणि फाइल सापडत नाही असं प्रोग्राम म्हणतोय पण कोणती ते सांगत नाही, असं झालं तर लिनक्सवर एसट्रेस लावून बघा. प्रोग्रामने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी तो ओळीने दाखवतो. फाइल उघडण्याच्या मागण्यांपुरता गाळून घेतला की पाचव्या मिनिटाला तो चुकीचा पाथ समोर दिसतो. एसट्रेस मला नेहमीच थोडा अन्यायकारक वाटतो. इतरांनी तासभर तर्क लढवलेले असतात आणि हा सरळ उत्तर दाखवतो.

बॅकअपचं एक वाक्य: चालू डेटाबेसची फाइल साध्या कॉपीने उचलू नका. लिखाण मध्यावर असेल तर प्रत अर्धवट निघते, आणि वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू असेल तर ताजा डेटा शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असू शकतो. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती वापरा आणि ती प्रत महिन्यातून एकदा उघडूनही पाहा.

एवढं झालं की डिपेंडन्सीचा, म्हणजे आपला प्रोग्राम ज्या परक्या पॅकेजांवर टेकलेला असतो त्यांचा, विषय आपोआप समोर येतो, आणि इथे माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे: दहा ओळींत होणाऱ्या कामासाठी पॅकेज आणू नये. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या भांडारावरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बांधण्याची कामं) बंद पडली, कारण कोणाच्या तरी डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीला ते लागत होतं. त्याहून गंभीर प्रकार मार्च २०२४ चा. पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड काही मोजमापं घेत होते, तेव्हा एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच खाल्ला जातोय हे त्यांच्या लक्षात आलं. माग काढत ते एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीपर्यंत पोहोचले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा ठेवला होता. तो ठेवणाऱ्याने दोनेक वर्षं इमानेइतबारे योगदान देऊन थकलेल्या मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विश्वास कमावला होता. आणि चोरदरवाजा चालू करणारा तुकडा गिट रेपॉझिटरीत नव्हताच, प्रकाशनासाठी बांधलेल्या टारबॉलमधल्या (फाइलींच्या गठ्ठ्यातल्या) बिल्ड स्क्रिप्टमध्ये होता. म्हणजे ज्याने फक्त गिटमधलं कोड वाचलं असतं त्याला तो तुकडा दिसलाच नसता. अर्ध्या सेकंदाचा हिशेब लागत नाही म्हणून स्वस्थ न बसणारा माणूस तिथे होता, हे आपलं नशीब.

तुमच्या टिपणांच्या प्रोग्रामवर असा हल्ला कोणी करणार नाही. पण प्रत्येक पॅकेज आणताना शेवटचं प्रकाशन कधीचं, मेंटेनर किती, त्याला स्वतःला काय काय लागतं आणि लायसन्स कोणतं, एवढं पाहायची सवय याच वयात लागते. लायसन्सचं थोडक्यात: एमआयटी आणि अपाची ही सैल, जीपीएल असेल तर त्यावर बेतलेला प्रोग्राम वाटताना त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो, एजीपीएल असेल तर नेटवर्कवरून सेवा दिली तरीही. आणि रेपॉझिटरीत लायसन्सच नसेल तर कोड दिसतोय म्हणून वापरता येतं असं नाही, सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. तुमच्या रेपॉझिटरीतही लायसन्सची फाइल टाका.

आता दुसऱ्यांच्या प्रकल्पात शिरण्याबद्दल. रीतीप्रमाणे 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्याला जमेल अशी नोंदवलेली अडचण) असं लेबल शोधायला सांगतात. वाईट नाही, पण नावाजलेल्या प्रकल्पात अशा प्रत्येक इश्यूवर 'हे मला द्या' म्हणणाऱ्यांची रांग लागलेली असते. माझा सल्ला वेगळा. तुम्ही स्वतः वापरता असं एखादं मध्यम आकाराचं साधन घ्या, त्याचा सोर्स उतरवा आणि तो आपल्या मशीनवर बिल्ड करून त्याच्या सगळ्या टेस्ट चालवा. यातच एक-दोन दिवस जातील. बिल्डच्या सूचना कुठे जुन्या झाल्यात ते तुम्हाला आपोआप कळेल, कारण ज्यांना त्या पाठ आहेत त्यांनी त्या वाचणं केव्हाच सोडलेलं असतं. तिथली दुरुस्ती हे चांगलं पहिलं योगदान. रीडमीमधला स्वल्पविराम हलवून पाठवलेली पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती) नव्हे. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या मोहिमेत २०२० साली टी-शर्टसाठी तसल्या रिक्वेस्टींचा इतका पूर आला की आयोजकांना मधूनच नियम बदलावे लागले.

यानंतर उघडे इश्यू वाचा. कोणीतरी बग नोंदवलाय, पण तो कसा घडवायचा हे नीट सांगितलेलं नाही, असे ढीगभर सापडतील. तो तुमच्याकडे घडवून बघा, लागेल तेवढाच छोटा प्रोग्राम उरेपर्यंत छाटत न्या आणि तो तिथे लिहा. जमलं तर बायसेक्ट करून कोणत्या कमिटपासून बिघडलं तेही सांगा. मेंटेनरला नव्या फीचरपेक्षा याचं मोल जास्त असतं. कोडची एकही ओळ न लिहिता तुमचं नाव त्याच्या ओळखीचं होतं, आणि पुढे पॅच (कोडमधला बदल) पाठवलात की तो लवकर वाचला जातो.

पॅच पाठवण्याआधी त्या घराची रीत पाहून घ्या. लिनक्स कर्नलला पॅच ईमेलने जातात आणि खाली 'साइन्ड-ऑफ-बाय'ची (पाठवणाऱ्याच्या सहीची) ओळ लागते. सीपायथन (पायथनचा स्वतःचा मूळ प्रकल्प) २०१७ पासून गिटहबवर आहे, पण तिथे आधी योगदानाचा करार मान्य करावा लागतो. आणि एसक्यूलाइट तर बाहेरचे पॅच सहसा घेतच नाही. सोर्स सार्वजनिक आहे, कोणीही काहीही करावं, पण मूळ झाडात लिहिणारे मोजकेच. यात रागावण्यासारखं काही नाही. त्यांच्या टेस्टचं कोड मूळ कोडच्या कित्येक शे पट आहे, ती शिस्त सांभाळायची तर दार अरुंदच असणार. तिथे जायचं ते कोड वाचायला. सी भाषेत लिहिलेलं इतकं नीट टिप्पण्या दिलेलं कोड क्वचित वाचायला मिळतं.

एआयकडून कोड लिहून घ्यावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आजकाल प्रत्येक प्रश्नाच्या पोटात असतंच. स्वतःच्या प्रकल्पात जरूर घ्या, फक्त त्यातली जी ओळ समजली नाही ती कमिट करू नका. दुसऱ्याच्या प्रकल्पात मात्र न पडताळलेलं काही पाठवू नका. कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने रचलेल्या, पोकळ सुरक्षा-अहवालांबद्दल जाहीरपणे त्रागा केलेला आहे. असा अहवाल लिहायला मिनिट लागतं आणि खोटा ठरवायला मेंटेनरचा अर्धा दिवस जातो. ज्याने 'दार' आणि 'दूर'चा घोळ एकदा हाताने सोडवलाय, त्याला यंत्राने दिलेलं टोकनायझरबद्दलचं उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळेल. न सोडवलेल्याला कळणार नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. गो किंवा रस्ट शिका, पण नवा प्रकल्प काढून नव्हे. हाच टिपणांचा प्रोग्राम त्या भाषेत पुन्हा लिहा. डेटाबेसची फाइल तीच राहील, शोधाचे नियम तेच राहतील आणि पायटेस्टमधल्या टेस्ट प्रोग्रामला बाहेरून, कमांड म्हणून चालवणाऱ्या असतील तर त्याही तशाच वापरता येतील. त्यामुळे लक्ष फक्त भाषेवर राहील. रस्टमध्ये लिहायला बसलात की स्ट्रिंगच्या लांबीपाशीच पहिला धक्का बसेल: तिथे लांबी बाइटमध्ये मिळते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणून पायथनने ७ सांगितलेला 'दुसऱ्या' तिथे २१ होतो. निकालातल्या ओळी पडद्यावर बसवण्यासाठी तुम्ही पायथनमध्ये ठराविक लांबीला कापत असाल, तर तीच ओळ रस्टमध्ये बाइट मोजून कापाल आणि अक्षराच्या मधोमध कात्री लागली की प्रोग्राम तिथल्या तिथे थांबेल. कापणीसाठी ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर, मोजणारी लायब्ररी घ्यावी लागेल. ते झालं की पायथनच्या आवृत्तीत परत या आणि तिथली कापणीही बघा. ती कोसळत नव्हती, पण मात्रा मागे टाकून व्यंजनावरच तुटत होती.